विश्लेषण : नावाजलेल्या खेळाडूंचा संघ अटीतटीचे सामने का हरतो?

भंडारदरा : रतनगडावर उगम पावणारी प्रवरा भंडारदरा धरणातून खाली अकोले, संगमनेरकडे वाहत जाते. या नदीच्या खोऱ्याने आणि तिच्या कालव्यांवर वाढलेल्या पट्ट्याने भारतीय क्रिकेटला दोन मोठी नावे दिली : संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे आणि श्रीरामपूरचा झहीर खान. २०१६ च्या आयपीएलमध्ये तीन दिवसांच्या आत या दोघांचेही संघ एकाच प्रतिस्पर्ध्याकडून शेवटच्या चेंडूवर हरले. २७ एप्रिलला झहीरच्या नेतृत्वाखालील दिल्ली डेअरडेव्हिल्सला गुजरात लायन्सने एका धावेने हरवले. २९ एप्रिलला रहाणेच्या रायझिंग पुणे सुपरजायंट्सने उभारलेल्या १९५ धावा गुजरातने अखेरच्या चेंडूवर पार केल्या.

पुण्याचा तो संघ कागदावर जबरदस्त होता. महेंद्रसिंह धोनी कर्णधार, सोबत स्टीव्ह स्मिथ, केव्हिन पीटरसन, फाफ डू प्लेसी, रहाणे आणि रविचंद्रन अश्विन. तरीही हा संघ आठ संघांत सातवा आला. ‘नावे मोठी, पण दबाव झेपत नाही’ असा शेरा त्या वेळी सहज मारला गेला. अमेरिकेतील एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये मायामी हीट या संघावर २०११ मध्ये अगदी हाच शेरा बसला होता. अशा संघांचे नेमके काय चुकते? हा हिमतीचा प्रश्न असतो, नशिबाचा, की आणखी कशाचा?

पुण्याच्या संघाचे २०१६ मध्ये काय झाले?

पुण्याने १४ पैकी पाच सामने जिंकले, नऊ गमावले. हरलेल्या नऊपैकी तीन सामने अगदी थोडक्यात गेले. २४ एप्रिलला कोलकाता नाइट रायडर्सने तीन चेंडू आणि दोन गडी राखून पुण्याला हरवले. पाच दिवसांनी गुजरातविरुद्धचा सामना अखेरच्या चेंडूवर गेला. १० मे रोजी सनरायझर्स हैदराबादविरुद्ध अवघ्या १३८ धावांचे लक्ष्य होते. अ‍ॅडम झाम्पाने १९ धावांत सहा बळी घेऊनही पुणे चार धावांनी हरले.

हे तीन सामने उलट फिरले असते, तर पुण्याचे १० ऐवजी १६ गुण झाले असते. त्या वर्षी बाद फेरीत गेलेल्या चारपैकी तीन संघांचे १६ गुणच होते. म्हणजे सातवा क्रमांक आणि बाद फेरी यांच्यात जेमतेम तीन षटकांचे अंतर होते.

साखळीतील शेवटच्या सामन्यात मात्र उलटे घडले. २१ मे रोजी किंग्ज इलेव्हन पंजाबविरुद्ध शेवटच्या षटकात २३ धावा हव्या होत्या. धोनीने अक्षर पटेलच्या गोलंदाजीवर त्या काढल्या, शेवटच्या दोन चेंडूंवर दोन षटकार मारून. तोवर संघ स्पर्धेबाहेर गेला होता, त्यामुळे त्या षटकाचे कौतुक झाले; पण ‘दबाव झेपत नाही’ हा शेरा काही पुसला गेला नाही.

गुणतालिका काय सांगत होती?

त्या वर्षीच्या गुणतालिकेतील दोन ओळी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. अव्वल क्रमांकावर गुजरात लायन्स होता : नऊ विजय, १८ गुण आणि निव्वळ धावगती उणे ०.३७४. सातव्या क्रमांकावर पुणे होते : पाच विजय, १० गुण आणि निव्वळ धावगती अधिक ०.०१५.

निव्वळ धावगती म्हणजे संघाने दर षटकाला सरासरी किती धावा केल्या आणि किती दिल्या, यातला फरक. पूर्ण स्पर्धेचा हिशेब धरला तर पुण्याचे पारडे किंचित वर होते आणि गुजरातचे खाली. तरी गुजरात पहिला आणि पुणे सातवे.

याचे स्पष्टीकरण सोपे आहे. गुजरातने थोडक्यातले सामने जिंकले आणि हरले तेव्हा सपाटून हरले. दिल्लीविरुद्ध एका धावेने, मुंबई आणि पुण्याविरुद्ध शेवटच्या चेंडूवर, असे त्यांचे विजय होते. उलट १४ मे रोजी बेंगळूरुने त्यांना तब्बल १४४ धावांनी हरवले. त्या दिवशी विराट कोहली आणि एबी डिव्हिलियर्स या दोघांनीही शतके ठोकली होती. गुजरातची धावगती खाली ओढण्यात या एका सामन्याचा वाटा मोठा आहे. पण गुणतालिकेला विजय एका धावेचा की १४४ धावांचा याच्याशी देणेघेणे नसते. दोन्हीला दोनच गुण मिळतात.

आता पुढच्या वर्षीची तालिका पाहू. २०१७ मध्ये गुजरात लायन्सची निव्वळ धावगती उणे ०.४१२ होती. आधीच्या वर्षापेक्षा फार वेगळी नाही. पण विजय नऊवरून चारवर आले आणि संघ सातव्या स्थानी घसरला. पुण्याची धावगती अधिक ०.०१५ वरून अधिक ०.१७६ झाली. २० षटकांच्या सामन्यात हा फरक सरासरी तीन धावांचा होतो. पण विजय पाचवरून नऊवर गेले आणि संघ दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला. दोन्ही संघांनी जवळजवळ जागांची अदलाबदल केली, आणि त्यांच्या एकंदर ताकदीचा आकडा जेमतेम हलला होता.

अटीतटीचा सामना कशाला म्हणायचे?

एनबीएने यासाठी एक व्याख्याच ठरवली आहे. चौथ्या सत्राची किंवा जादा वेळेतील शेवटची पाच मिनिटे उरली असताना दोन्ही संघांत पाच किंवा त्याहून कमी गुणांचे अंतर असेल, तर तो काळ ‘क्लच’ समजला जातो. त्या काळात कोण किती बास्केट करतो, कोण चेंडू गमावतो याची वेगळी नोंद ठेवली जाते. ट्वेन्टी-२० क्रिकेटमध्ये अशी अधिकृत व्याख्या नाही, पण शेवटच्या षटकात निकाल लागलेला सामना अटीतटीचा मानण्याची रीत आहे. कबड्डीत शेवटच्या दोन-तीन चढायांवर लोणचा हिशेब लागतो, तेच हे.

तिन्ही खेळांत एक गोष्ट सारखी आहे. सामन्याचा फार छोटा तुकडा निकाल ठरवतो. तुकडा जितका छोटा, तितका त्यात योगायोगाला वाव जास्त.

मायामी हीटवर हीच वेळ कशी आली?

२०१० च्या उन्हाळ्यात लेब्रॉन जेम्स आणि ख्रिस बॉश हे दोघे मायामीत ड्वेन वेडला येऊन मिळाले. तीन मोठे खेळाडू एका संघात आले आणि विजेतेपद ठरल्यासारखेच मानले गेले. त्या हंगामात हीटने ८२ पैकी ५८ सामने जिंकले. प्रत्येक सामन्यात प्रतिस्पर्ध्यापेक्षा सरासरी साडेसातच्या आसपास गुण जास्त केले. ही सरासरी त्या वर्षी लीगमध्ये सर्वोत्तम होती.

पण सामना घट्ट झाला की हा संघ अडखळत होता. मार्च २०११ च्या सुरुवातीला ओरलँडोविरुद्ध २४ गुणांची आघाडी घेऊन हीट ९६-९९ असे हरले. ६ मार्चला शिकागो बुल्सकडून ८६-८७ असा एका गुणाने पराभव झाला. शेवटच्या क्षणी आधी जेम्सचा आणि मग वेडचा प्रयत्न हुकला. पाच किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने निकाल लागलेल्या सामन्यांत हीटची त्या दिवसापर्यंतची कामगिरी पाच विजय, १३ पराभव अशी होती. सामन्यानंतर संघाच्या खोलीत काही खेळाडू रडत असल्याचे प्रशिक्षक एरिक स्पोल्स्ट्रा यांनी पत्रकारांना सांगितले. त्यावरून संघाची जाहीर टिंगल झाली.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २६ मे रोजी, याच हीटने याच शिकागोविरुद्ध विभागीय अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात शेवटची सुमारे तीन मिनिटे उरली असताना १२ गुणांची पिछाडी भरून काढली आणि ८३-८० असा विजय मिळवला. मग अंतिम फेरीत डॅलसविरुद्ध दुसऱ्या सामन्यात १५ गुणांची आघाडी असताना हीट ९३-९५ असे हरले आणि मालिकाही २-४ अशी गमावली. खेळाडू तेच, प्रशिक्षक तोच. शेवटच्या मिनिटांतले निकाल मात्र कधी इकडे, कधी तिकडे.

यात नशिबाचा वाटा किती?

याचा अंदाज नाणेफेकीच्या साध्या गणितातून येतो. समजा, एका संघाचे हंगामात सहा सामने अटीतटीचे झाले आणि प्रत्येकात जिंकण्याची शक्यता निम्मी होती. सहापैकी पाच किंवा सहाही सामने हरण्याची शक्यता ६४ मध्ये सात, म्हणजे सुमारे ११ टक्के येते. एका संघापुरती ती कमी वाटते. पण स्पर्धेत आठ संघ असतील तर त्यांपैकी किमान एकाच्या वाट्याला ही वेळ येण्याची शक्यता ढोबळमानाने ६० टक्के होते. म्हणजे कोणाचीही हिंमत कमी नसताना, केवळ योगायोगाने, बहुतेक हंगामांत एखादा तरी संघ ‘दबावात कोसळणारा’ ठरणार. तो संघ नावाजलेल्या खेळाडूंचा असला की त्याची चर्चा होते. साध्या संघाचे तसे झाले तर कोणी फारसे लक्ष देत नाही.

भंडारदऱ्याच्या पाणलोटात ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. घाटघर आणि रतनवाडीला एका दिवसात किती पाऊस झाला, याचा आकडा पावसाळ्यात रोज बातमीत येतो. पण सुमारे ११ टीएमसीचे धरण १५ ऑगस्टपर्यंत भरेल का, याचा अंदाज त्या एका आकड्यावरून कोणी बांधत नाही. त्यासाठी जूनपासूनची एकूण आवक पाहिली जाते. संघाच्या बाबतीत ही एकूण आवक म्हणजे निव्वळ धावगती किंवा गुणांची सरासरी आघाडी. शेवटच्या षटकाचा निकाल हा एका दिवसाचा पाऊस.

मग सगळे नशिबावरच सोडायचे का?

नाही. तेच नाण्याचे गणित मायामीला लावले तर वेगळे चित्र दिसते. १८ नाणेफेकींत पाच किंवा त्याहून कमी वेळा छापा पडण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास असते. ३० संघांच्या लीगमध्ये एक-दोन संघांचे असे होऊ शकते. पण हीट हा सरासरी संघ नव्हता. सर्वाधिक सरासरी आघाडीच्या या संघाची अटीतटीच्या सामन्यातील शक्यता निम्म्याहून थोडी जास्त धरायला हवी. ती ६० टक्के धरली, तर १८ पैकी १३ सामने हरण्याइतकी वाईट कामगिरी योगायोगाने होण्याची शक्यता एक टक्क्याच्याही खाली जाते. म्हणजे नशीब होते, पण खेळातही काहीतरी अडत होते.

अडचण कुठे होती, हे खेळाची रचना पाहिल्यावर कळते. बास्केटबॉलच्या शेवटच्या मिनिटात खेळाचा वेग मंदावतो. बचाव करणारा संघ आपापल्या जागा धरून तयार असतो. वेगात पळत जाऊन सोपी बास्केट करण्याची संधी, जी हीटची खरी ताकद होती, ती मिळत नाही. अशा वेळी चेंडू सर्वांत मोठ्या खेळाडूच्या हातात देऊन बाकीचे चौघे बाजूला उभे राहायचे, अशी पद्धत रूढ आहे. चेंडू कोणाकडे जाणार हे प्रतिस्पर्ध्याला आधीच ठाऊक असते. तो दोन माणसे अंगावर घालतो आणि मोठ्या खेळाडूला हात उंचावलेल्या बचावपटूवरून अवघड फेक करावी लागते. हीटकडे तर असे दोघे होते. निर्णायक चेंडू जेम्सने घ्यायचा की वेडने, याचे उत्तर पहिल्या हंगामात पक्के ठरलेले दिसले नाही.

मोठी नावे जास्त असणे अडचणीचे कधी ठरते?

मैदानावर पाच खेळाडू असतात, पण चेंडू एकच असतो. तीन खेळाडू प्रत्येकी २५ गुण करणारे असले, तरी एकत्र आल्यावर त्यांचे ७५ होत नाहीत, कारण फेकीच्या संधी वाढत नाहीत. ट्वेन्टी-२० मध्ये चेंडू १२० च असतात. पहिल्या तीन क्रमांकांवरचे फलंदाज भरवशाचे आणि खेळपट्टीवर टिकणारे असले, की सहाव्या क्रमांकावर येणाऱ्याला मोजके चेंडू मिळतात. शिवाय मोठ्या फलंदाजांवर पैसा खर्च झाला, की अखेरच्या षटकांसाठी खास गोलंदाज घ्यायला हात आखडता घ्यावा लागतो. लिलावात रकमेची मर्यादा असते आणि अंतिम संघात परदेशी खेळाडू चारच चालतात.

मोठ्या नावांवर उभ्या असलेल्या संघाला दुखापतीही जास्त झोंबतात. २०१६ मध्ये पुण्याचे पीटरसन, डू प्लेसी, मिचेल मार्श आणि स्मिथ असे चार परदेशी खेळाडू दुखापतीमुळे स्पर्धा अर्धवट सोडून गेले. महाराष्ट्रातील दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. त्यातून १ मेचा एक सामना वगळता पुण्याचे ‘घरचे’ उरलेले सामने विशाखापट्टणमला गेले. संघाच्या अपयशाची चर्चा मात्र कर्णधाराच्या डोक्याभोवतीच फिरत राहिली.

२०१७ मध्ये पुण्याने काय बदलले?

सर्वांच्या नजरेत भरला तो कर्णधारबदल. फेब्रुवारी २०१७ मध्ये, लिलावाच्या तोंडावर, धोनीला बाजूला करून स्मिथकडे नेतृत्व दिले गेले. त्या लिलावात पुण्याने बेन स्टोक्सला १४.५ कोटी रुपयांना घेतले. ती त्या लिलावातील सर्वाधिक बोली होती. स्टोक्सने ती रक्कम सार्थ केली आणि स्पर्धेतील सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मानही मिळवला.

अटीतटीच्या षटकांत मात्र संघाला हात दिला तो स्वस्तातल्या खेळाडूंनी. डावखुरा जलदगती गोलंदाज जयदेव उनाडकट ३० लाखांच्या मूळ किमतीला मिळाला होता. चेंडूचा वेग अचानक कमी करण्यात तो तरबेज होता आणि अखेरच्या षटकांत त्याला गोलंदाजी द्यायची, हे ठरून गेले होते. २४ एप्रिलला वानखेडेवर मुंबई इंडियन्सला शेवटच्या षटकात १७ धावा हव्या होत्या. उनाडकटने १३ दिल्या आणि पुणे तीन धावांनी जिंकले. ६ मे रोजी हैदराबादला शेवटच्या षटकात १३ धावांची गरज होती. उनाडकटने एकही धाव न देता हॅट्ट्रिक घेतली. त्या हंगामात त्याने २४ बळी टिपले. सलामीला १० लाखांत घेतलेल्या राहुल त्रिपाठीने ३९१ धावा केल्या.

याच हंगामात पुण्याने मुंबईविरुद्धचा पहिला सामना एक चेंडू राखून, हैदराबादविरुद्धचा सामना शेवटच्या चेंडूवर आणि गुजरातविरुद्धचा सामना एक चेंडू राखून जिंकला. यात स्मिथ, धोनी आणि स्टोक्स यांच्या खेळ्या निर्णायक होत्या, हे खरेच. त्यामुळे ‘मोठी नावे कामाची नसतात’ असा निष्कर्ष काढता येत नाही. मोठी नावे संघाला शेवटच्या षटकापर्यंत नेतात आणि कधी तिथून पुढेही नेतात. पण ते षटक कोणाचे आहे, हे आधीच ठरलेले असेल तर पारडे थोडे झुकते. पुण्याच्या बाबतीत सामन्यामागे सरासरी तीन धावांइतके. उरलेले काम दैवाने केले.

तरीही अंतिम सामना एका धावेने का गेला?

२१ मे २०१७ रोजी हैदराबादला मुंबई आणि पुणे यांच्यात अंतिम सामना झाला. त्या हंगामात पुण्याने मुंबईला आधी तीन वेळा हरवले होते. मुंबईचे सात गडी ७९ धावांत बाद झाले होते. कृणाल पंड्याने ४७ धावा करून धावसंख्या १२९ पर्यंत नेली. उत्तरात रहाणेने ४४ आणि स्मिथने ५१ धावा केल्या. शेवटच्या षटकात ११ धावा हव्या होत्या आणि चेंडू मिचेल जॉन्सनकडे होता. पहिल्या चेंडूवर मनोज तिवारीने चौकार मारला. पुढच्या दोन चेंडूंवर तिवारी आणि स्मिथ झेलबाद झाले. शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या असताना दोन निघाल्या आणि तिसरी घेताना फलंदाज धावबाद झाला. मुंबई एका धावेने विजेती ठरली.

एप्रिलमध्ये याच दोन संघांत पुणे तीन धावांनी जिंकले होते, मे महिन्यात एका धावेने हरले. स्टोक्स आणि इम्रान ताहिर राष्ट्रीय संघासाठी मायदेशी परतल्याने अंतिम सामन्यात नव्हते, हे एक खरे कारण. पण चार चेंडूंत सात धावा हव्या असताना स्मिथसारखा स्थिरावलेला फलंदाज सीमेजवळ झेल देतो की चेंडू दोन हात पलीकडे पडतो, यात संघाच्या ‘मानसिकते’चा शोध घेण्यात अर्थ नाही. पुण्याचा संघ त्या सामन्यानंतर पुन्हा खेळला नाही. दोन वर्षांचा त्याचा करार संपला होता. त्यामुळे तो संघ अटीतटीत चांगला होता की वाईट, हे पाहायला तिसरा हंगाम मिळालाच नाही.

शिक्का किती काळ टिकतो?

मुंबई इंडियन्सचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. २००८ च्या पहिल्या हंगामात सचिन तेंडुलकर, सनथ जयसूर्या, शॉन पोलॉक आणि हरभजनसिंग अशी नावे असूनही मुंबईची उपांत्य फेरी एका गुणाने हुकली. २१ मे २००८ रोजी पंजाबविरुद्ध एका धावेने आणि २६ मे रोजी राजस्थानविरुद्ध शेवटच्या चेंडूवर झालेले पराभव त्याला कारण ठरले. तरुण रहाणे तेव्हा मुंबईच्याच ताफ्यात होता. पुढे २०१७ मध्ये पुण्याविरुद्ध आणि २०१९ मध्ये चेन्नईविरुद्ध असे दोन अंतिम सामने मुंबईने प्रत्येकी एका धावेने जिंकले. मग हाच संघ थंड डोक्याचा म्हणून ओळखला जाऊ लागला.

मायामी हीटने २०११ च्या पराभवानंतर संघ मोडला नाही आणि स्पोल्स्ट्रा यांनाही काढले नाही. संघ २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये विजेता ठरला. २०१३ च्या अंतिम फेरीतील सहाव्या सामन्यात पराभव काही सेकंदांवर असताना जेम्सची फेक हुकली. बॉशने उडी मारून चेंडू मिळवला आणि कोपऱ्यात मागे सरकलेल्या रे ॲलनकडे दिला. ॲलनने तीन गुणांची फेक साधून बरोबरी केली आणि जादा वेळेत हीट जिंकले. दूरवरून अचूक फेक करणाऱ्या ॲलनला वर्षभरापूर्वी याच कामासाठी संघात घेतले होते. निर्णायक फेक सर्वांत मोठ्या खेळाडूनेच करायला हवी, हा हट्ट तोवर सुटला होता.

गावच्या मैदानावर याचा अर्थ काय?

अकोले-संगमनेर पट्ट्यात टेनिस बॉल क्रिकेट आणि कबड्डीच्या स्पर्धांत बाहेरगावचे नावाजलेले खेळाडू आणून संघ बांधण्याची पद्धत आता नवी नाही. असा संघ शेवटच्या षटकात किंवा शेवटच्या चढाईवर हरला, की राग एका पोरावर निघतो. शेवटचा चेंडू टाकणारा, झेल सोडणारा किंवा चढाईत पकडला गेलेला खेळाडू पुढच्या सामन्यात बाहेर बसतो. आयपीएलमध्ये कर्णधार बदलला जातो, गावात एखाद्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचे खेळणे थांबते.

हा न्याय नाही आणि त्यात शहाणपणही नाही. संघाची परीक्षा तीन प्रश्नांवर व्हायला हवी. पहिला, संपूर्ण स्पर्धेत आपण प्रतिस्पर्ध्यापेक्षा किती पुढे किंवा मागे होतो? फरक चांगला असेल तर थोडक्यातल्या दोन-तीन पराभवांवरून संघ मोडायचे कारण नाही. दुसरा, शेवटचे षटक किंवा शेवटची चढाई कोणाची, हे सामन्याआधी ठरले होते का आणि त्याचा सराव झाला होता का? नसेल तर चूक संघ चालवणाऱ्याची आहे, ते काम ऐनवेळी अंगावर पडलेल्या खेळाडूची नाही. तिसरा, सामना शेवटच्या षटकापर्यंत गेलाच कशामुळे? सातत्याने जिंकणाऱ्या संघांचे मोठे बळ असे असते की त्यांचे बरेचसे सामने शेवटच्या षटकापर्यंत जातच नाहीत. त्याआधीच ते निकालात काढलेले असतात. मधल्या षटकांत वाया गेलेले चेंडू आणि सोडलेल्या एकेरी धावा शेवटच्या षटकातील चुकीइतक्याच किमतीच्या असतात. फरक एवढाच की त्या कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. धावफलकाची वही जपून ठेवली तरी पुरते. ज्या संघाकडे ती वही आहे, तो हरल्यावर निदान योग्य गोष्टीवर भांडेल. ज्याच्याकडे नाही, तो शेवटचा चेंडू टाकणाऱ्यालाच धरेल आणि पुढच्या हंगामात नवी नावे आणून तोच सामना पुन्हा तसाच हरण्याचा धोका पत्करेल.